काकांनी वाढवून मागितलेला दंड

माझ्या काकांनी भर कोर्टात उभं राहून साहेबांकडे दंड वाढवून मागितला होता. होय, वाढवून. कमी करून मागणारे तुम्ही पाहिले असतील. हात जोडणारे, म्हाताऱ्या आईला पुढं करणारे, ऐन वेळी खोकला काढणारे. वाढवून मागणारा अदालत रोडच्या त्या कोर्टात तोपर्यंत कुणी पाहिला नव्हता.

ही गोष्ट मी चहाच्या टपरीवर सांगितली आहे, लग्नाच्या मांडवात सांगितली आहे, एकदा तर अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगितली आहे. दरवेळी लोक हसले. मी हसवतोच. काकांचा आवाज काढतो, साहेबांसारखा चष्मा नाकावर ओढतो. पण काकांनी दंड मागितला इथंच मी थांबतो. पुढचं सांगत नाही. आज सगळं लिहायला घेतलं आहे, बघू कसं जमतं.

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला आमची जमीन. माझे वडील शहरात नोकरीला, त्यांच्यामागं मीही एका सरकारी कचेरीत चिकटलो. कचेरीत कमी आणि गणपतीच्या नाटकात जास्त असायचो, ते सोडा. जमीन काका बघायचे. पोलीस अॅक्शन झाली तेव्हा ते ऐन तारुण्यात होते, आणि निजामाच्या वेळचे शब्द त्यांच्या तोंडातून अखेरपर्यंत गेले नाहीत. दंडाला ते जुर्माना म्हणायचे, आरोपीला मुल्जिम. पुढं ते स्वतःच मुल्जिम होतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

दरवर्षी बाजरी निघाली की एक मेंढपाळ आपला कळप घेऊन आमच्या मोकळ्या रानात यायचा. त्याला मेंढ्या बसवणं म्हणतात. रात्री मेंढ्या वावरात बसतात, त्यांच्या लेंड्यांचं आणि मुताचं खत जमिनीला मिळतं, आणि शेतकरी त्याबद्दल मेंढपाळाला धान्य देतो. हा आमच्याकडं इतकी वर्षं येत होता की मी त्याला मामा म्हणायचो आणि तो मला भाचं. काकांना तो पाटील म्हणायचा. काका त्याला गड्या म्हणायचे. दोघं एका वयाचे. संध्याकाळी बांधावर बसून दोघं एकमेकांच्या जनावरांची निंदा करायचे, आणि ती ऐकायला मी शहरातून सायकल मारत जायचो.

"पाटील, ह्यो तुमचा बैल हाय का उधारीवर आनलाय? चालताना इचार करतुया."

"गड्या, तुझ्या मेंढ्यांपेक्षा बरा. त्या तर विचार न करताच चालतात."

त्या वर्षी मेंढ्या खरंच विचार न करता चालल्या. सकाळी, मामा चूल पेटवत असताना, कळपाभोवतीचं जाळं एका कोपऱ्यात सैल झालं आणि दहाबारा मेंढ्या शेजारच्या आमच्याच हरभऱ्यात शिरल्या. हरभरा घाट्यावर आलेला. काका काठी घेऊन धावत आले. त्यांनी मेंढीवर काठी उगारली, मामा आडवा आला, हात वर केला. उजवा. मनगटाच्या वर मोडला.

मी तिथं नव्हतो. काकांनीच मला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी सांगताना ते एकच गोष्ट जोडायचे की काठी मेंढीवर उगारली होती खरी, पण तो आडवा आल्यावर ती थांबवता आली असती. थांबवली नाही.

मग काकांनीच त्याला बैलगाडीत घालून शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, काय झालं? मामा म्हणाला, "पाटलानं मारलं." डॉक्टरनं पाटील कोण म्हणून विचारलं. शेजारी उभे असलेले काका म्हणाले, "मी." डॉक्टरनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि पोलिसांना कळवलं. केस अशी झाली. फिर्याद द्यायला कुणी गेलंच नव्हतं.

हात मोडल्यावर जो हात सहा आठवडे शांत ठेवायचा असतो, तो मेंढपाळाला कसा शांत ठेवता येणार? लोकरीची कातरणी आली, मामानं पलिस्तर आपल्या हातानं फोडलं. हात वाकडा बसला. कातर धरता येईना. त्याची बायको, म्हणजे आमची मामी, आणि धाकटा भाऊ कातरायचे आणि हा नुसता मेंढीचे पाय धरून बसायचा. हात मोडायच्या आधी कातरणीत त्याचा हात धरणारा मेंढपाळांच्या सगळ्या वाड्यांत कुणी नव्हता, असं लोक सांगायचे.

काकांच्या वकिलानं दोन रस्ते दाखवले. एक, सरळ नाकबूल व्हा, त्याच्याशिवाय साक्षीला कुणी उभं राहणार नाही, सुटाल. दोन, कोपऱ्यात बसून त्याला काही द्या, तो साक्ष फिरवेल. पहिल्या रस्त्याला काका नाही म्हणाले. "मारलं तर मारलं. कोर्टात उभं राहून मारलं नाही म्हणू? मग गावात तोंड कुठं घेऊन जाऊ?" दुसऱ्या रस्त्यासाठी मला पाठवलं. मी मामाच्या पालावर गेलो. तो वाकडा हात मांडीवर घेऊन बसला होता.

मी म्हणालो, "मामा, काका द्यायला तयार आहेत. मिटवून टाका."

"कुटं मिटवायचं?"

"वकिलाच्या घरी बसू."

"हात मोडला दिवसाढवळ्या, समद्या शिवाराला दिसला. आन् पैसं घ्यायचं वकिलाच्या जिन्याखाली? लोक म्हनत्याल, हात इकला."

मामी चुलीपासून म्हणाली, "इकायचाच व्हता तर सरळ असताना इकला असता. चार पैसं जास्त आलं असतं."

मग त्यानं मला त्यांची रीत सांगितली. त्यांच्यात कुणी कुणाला मारलं की सगळे जमतात, मधे घोंगडी पसरतात. मारणारा त्या घोंगडीवर दंड ठेवतो. मार खाणारा सगळ्यांदेखत तो उचलतो. मग गूळ वाटतात आणि विषय संपतो. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.

"मग तसंच करू," मी म्हणालो.

तो हसला. "पाटील बसंल का आमच्या घोंगडीवर? आन् मी तुमच्या पारावर येऊ म्हनलं तर तिथं समदी तुमचीच मानसं. आमच्यात आमची. कोरट कुनाचंच नाय, भाचं. तिथं दोघं बी उभंच ऱ्हात्यात. पाटलाला कोरटात दंड होऊ दे. सायेबानं तोंडानं सांगू दे. मी समद्यांदेखत घेतो. मंग मिटलं."

मला ते इतकं पटलं! मी धावत काकांकडे. काकांना माझ्यापेक्षा जास्त पटलं. कोर्टातला दंड म्हणजे घोंगडीवरच्या दंडाचाच मोठा भाऊ, फक्त मधे साहेब बसलेले, असं आम्ही तिघांनीही धरून चाललो. मी सरकारी नोकर, पदवीधर, रोज फायली हलवणारा. मलाही शंका आली नाही. शाळेत उशिरा गेल्याचा दंड वर्गाच्या सहलीला वापरायचे, क्रिकेटच्या क्लबात दंडाच्या पैशातून चेंडू यायचे. दंड म्हणजे ज्यांचं बिघडलं त्यांच्याकडं जातो, एवढंच ज्ञान.

काकांनी वकिलाला रजा दिली. "गुन्हा कबूल करायला वकील कशाला? तो काय माझ्याऐवजी कबूल करणार आहे?"

आणि मग तालीम. अहो, मी नाटकवाला माणूस! बैलांच्या गोठ्यात काकांना उभं केलं, स्वतः उलट्या पाटीवर बसून साहेब झालो. "गुन्हा कबूल आहे का?" काका छाती काढून ओरडायचे, "कबूल!" मी म्हणायचो, काका, राजदरबार नाही, जरा हळू. शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का, असं साहेब विचारतील, तेव्हा नुसतं 'नाही साहेब' म्हणायचं. सगळे म्हणत होते, कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसवून ठेवतील आणि वर दंड. एवढंच.

तारखेला मामा-मामी माझ्याही आधी कोर्टात हजर. मामाच्या खांद्यावर कोरी घोंगडी, मामीच्या हातात फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. शिपाई मामीला म्हणाला, "आजी, हा बाजार नाही." ती म्हणाली, "ठावं हाय. बाजारात येवढं थांबवत न्हाईत."

पुकारा झाला. काका उभे राहिले. साहेब तरुण होते, बारीक चष्मा, आवाज मऊ. गुन्हा वाचून दाखवला. कबूल आहे का? काका तालमीसारखंच म्हणाले, "कबूल आहे, साहेब." कुणाच्या दबावाखाली बोलत नाही ना? नाही साहेब. उत्तम चाललं होतं. मी मागं ओठ हलवत होतो, प्रॉम्प्टरसारखा.

"शिक्षेबद्दल काही सांगायचंय?"

काकांनी मागं वळून मामाकडं पाहिलं. मामानं वाकडा हात घोंगडीखाली घेतला होता. काय झालं काकांना कोण जाणे. ते पुन्हा साहेबांकडं वळले.

"साहेब, जुर्माना जास्त लावा."

साहेबांनी चष्मा नाकावर ओढला. "काय म्हणालात?"

"कमी लावू नका. जेवढा लावता येतो तेवढा लावा. माझ्याकडं आहे. मी भरतो."

मागच्या बाकांवर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "मालदार पार्टी हाय." काका गोरेमोरे झाले आणि आणखी जोरात म्हणाले, "खरंच भरतो, साहेब, इथंच भरतो," आणि धोतराच्या कनवटीला हात घातला. मला तिथल्या तिथं पडदा पाडावासा वाटला, पण कोर्टाला पडदा नसतो.

काकांना म्हणायचं होतं, गड्याच्या हाताचं मोल मोठं आहे, त्याला थोडक्यात उडवू नका. साहेबांच्या कानावर गेलं ते असं की जमीनदार आहे, माणूस मारला, आणि किती झाले बोला म्हणून विचारतोय. मी साहेबांच्या जागी असतो तर मलाही तसंच ऐकू आलं असतं. ते काही रागावले नाहीत. मऊ आवाजातच म्हणाले, "दंडानं तुम्हाला काही जाणवेल असं दिसत नाही. ज्याला जाणवत नाही त्याला नुसता दंड लावून काय उपयोग?" आणि दंडाबरोबर पंधरा दिवसांची साधी कैद सांगितली. खाली वाकून सही केली. पुढचा पुकारा झाला.

मामाला यातलं दंड एवढंच कळलं. तो लगबगीनं बाहेर आला आणि आम्ही कारकुनाच्या टेबलाशी दंड भरत होतो तिथं खाली वाकून, डाव्या हातानं, घोंगडी पसरायला लागला. मामीनं फडक्याची गाठ सोडली.

कारकून म्हणाला, "काय चाललंय?"

मामा म्हणाला, "दंड घ्यायचा हाय."

"कुणी?"

"म्या. हात माजा हाय."

"दंड सरकारजमा होतो, बाबा."

मामा घोंगडी सोडून सरळ झाला. "हात माजा मोडला. सरकारचं काय मोडलं?"

"कायदा मोडला."

"मंग त्येला बी पलिस्तर घाला," मामी म्हणाली.

सगळे हसले. कारकूनही हसला. वाईट माणूस नव्हता, पावती फाडता फाडता त्यानंच सांगितलं की शिक्षा सांगायच्या आधी कुणी साहेबांना विनंती केली असती, की दंडातून जखमी माणसाला भरपाई द्या, तर साहेब देऊ शकले असते. देतात पुष्कळदा. आता सही झाली. "तुमचा वकील कोण होता?" त्यानं विचारलं. मी पावतीसाठी हात पुढं केला.

तेवढ्यात शिपाई काकांना घेऊन निघाला आणि तेव्हा कुठं मामाला कैदेचं समजलं. तो मधे आडवा झाला. "ह्यास्नी कुटं नेता? दंड भरला की!" काका म्हणाले, "बाजूला हो, गड्या. हर्सूलला जाऊन येतो." तुरुंग हर्सूलला, पण बाहेरगावी लग्नाला चालल्यासारखं म्हणाले. घोंगडी जमिनीवर तशीच पसरलेली. एक वकीलसाहेब तिच्यावरून बूट घालून गेले.

अपील करा म्हणून घरातल्या सगळ्यांनी काकांना सांगितलं. मी तुरुंगात भेटायला गेलो तेव्हा मीही सांगितलं. म्हणाले, "अपिलात काय म्हणू? मारलं नाही म्हणू?" मग जाळीला तोंड लावून त्यांनी हळूच विचारलं, "त्याला काहीच मिळालं नाही?" मी नाही म्हणालो. "एक पै नाही?" नाही. काका माझ्या शर्टाच्या बटणाकडं बघायला लागले. "मग मी काय भरलं?" म्हणाले.

काका सुटून आले तोवर मामाचा कळप अजिंठ्याच्या बाजूला गेला होता. काकांनी दाढी केली, स्वच्छ धोतर नेसले, आणि मला म्हणाले, "चल." आम्ही एस.टी.नं फर्दापूरला उतरलो आणि लेणी बघायला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत डोंगराकडं चालू लागलो. एका पोरानं काकांना हिंदीत विचारलं, गाइड चाहिए? काका म्हणाले, "मेंढ्या कुठं बसल्यात ते दाखवतोस का?" पोरगं बिचारं गोंधळून निघून गेलं.

मामाचं पाल सापडलं. आजूबाजूला आणखी पाच-सहा पालं होती. काकांना बघून मामा उठला आणि पुढं आला. काकाच म्हणाले, "गड्या, घोंगडी टाक. तुमच्या लोकांना बोलव. मी बसतो."

मी काकांकडं बघतच राहिलो. आमच्या घराण्यातला माणूस मेंढपाळांच्या बैठकीत मुल्जिम म्हणून घोंगडीसमोर बसतो, हे आमच्या गावात कुणी सांगितलं असतं तर त्याला लोकांनी हाकलून दिलं असतं. काका बसले. मांडी घालून, पागोटं उतरवून पुढ्यात. माणसं जमली. सगळ्यात म्हातारा माणूस मधे बसला. काकांनी कनवटीचा दंड काढून घोंगडीवर ठेवला, कोर्टात भरला तेवढाच. मग मामाकडं बघून म्हणाले, "घे."

मामा हलला नाही. त्यानं म्हाताऱ्याकडं पाहिलं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्या मारापायी दंड आधी झाला व्हता का न्हाई?"

काका म्हणाले, "झाला. पण तो ह्याला मिळाला नाही."

"ह्याला मिळाला न्हाई. पर तुमचा ग्येला नव्हं?"

"गेला."

"वर बंदीत बी बसलासा?"

"बसलो."

म्हातारा मान हलवत म्हणाला, "मंग न्हाई घेता येत. एका माराला एकच दंड. दुसरा घेतला तर ह्यो दंडखाऊ ठरंल. उद्या पोराबाळांच्या लग्नात लोकं बोलून दाखवत्याल."

"अहो, पण सरकारनं घेतला!" मी मधे पडलो. मला काही त्यांच्यात बोलायचा हक्क नव्हता. "कोर्टातल्या दंडाशी ह्या घोंगडीचा काय संबंध?"

"कोरटात जायचं कुनी ठरिवलं?" म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं.

"म्या," मामा म्हणाला.

"आधी हितं आला असता तर घेतला असता."

मेंढ्या आपल्या खोकत होत्या. काका घोंगडीवरच्या नोटांकडं बघत म्हणाले, "बरं. दंड नको. नुसती मदत म्हणून घे. शहरात हाताचा डॉक्टर आहे, तो म्हणतो पुन्हा मोडून सरळ बसवता येतो. त्या खर्चाला घे. दंड म्हणू नको त्याला."

मामाचा चेहरा त्या वेळी बदलला. इतका वेळ तो वाईट वाटून घेऊन उभा होता, आता तो रागावला. कोर्टातही मी त्याला रागावलेला पाहिला नव्हता.

"मदत?" तो म्हणाला. "पाटील, मदत पडलेल्याला करत्यात. मी काय झाडावरनं पडलो व्हतो? दंड म्हनून दिलं असतं तर घेतलं असतं. मदत म्हनून घेतलं तर तुमी मला मारलंच न्हाई."

"मारलं की! मी कुठं नाही म्हणतोय? साऱ्या जगाला सांगत फिरतोय!"

"मंग उचला त्ये."

काकांनी उचललं. एकेक नोट उचलायला त्यांना फार वेळ लागला, आणि कुणी मदतीला वाकलं नाही, कारण त्या पैशांना हात लावायला आता कुणीच तयार नव्हतं. मामी आत पालात गेली होती. चहा ठेवते असं ती म्हणाली नाही, चहा कर असंही तिला कुणी म्हणालं नाही. मामा आम्हाला सडकेपर्यंत सोडायला आला. वाटेत दोघांनी पावसाबद्दल बोलून घेतलं, आणि पुढच्या वर्षी बाजरी कुठल्या रानात घेणार याबद्दल. परक्या माणसांसारखं.

पुढच्या वर्षी बाजरी निघाली तेव्हा मी सुट्टी काढून रानात होतो. दौलताबादच्या बाजूनं कळप आला. मामा पुढं, काठी डाव्या हातात. काका बांधावर उभे होते. रान मोकळं ठेवलेलं होतं, धान्य काढून ठेवलेलं होतं. कळप आमच्या बांधाशी आला आणि थांबला नाही. मामानं मान झुकवून रामराम केला, काकांनी हात जोडले, आणि मेंढ्या धुरळा उडवत पलीकडच्या माणसाच्या रानाकडं गेल्या.

काका मला म्हणाले, "पळ, त्याला विचारून ये, हात कसा आहे."

"तुम्हीच विचारा की. ते काय, दिसताहेत."

"मी कसा विचारू?" काका म्हणाले.

मी गेलो. मामा म्हणाला, "थंडीत दुखतो." मी येऊन काकांना सांगितलं. त्या हिवाळ्यात थंडी वाढली की ते मला पुन्हा पाठवायचे.